परिशिष्टातल्या रिकाम्या जागा

१० मार्च, सोमवार

मालक ओमप्रकाश भैयांनी आज दुकानाच्या काचेवर कॉलेजचा नवा कागद चिकटवला. यंदापासून एम.ए.च्या प्रत्येक लघुशोधप्रबंधात एक जादा पान लागणार. चॅटबॉट वापरला का, कोणता, कुठे, त्याला नेमकं काय विचारलं, आणि त्यानं दिलेलं खरं आहे हे कशावरून तपासलं. खाली समाजशास्त्राच्या तिवारी मॅडमची सही. त्यांनी एक ओळ पेनानं अधोरेखित केली आहे: वापरण्याची मनाई नाही, लपवण्याची आहे. खोटं लिहिलं तर प्रबंध रद्द, म्हणजे वर्ष वाया.

भैया म्हणाले, "लो, अब नकल का भी फॉर्म आ गया. कल जेबकतरे भी घोषणापत्र भरेंगे."

मी हसलो नाही. नियम चांगला आहे, पण उपयोग शून्य. सगळे 'नाही' लिहितील. भिलाईतल्या नेहरू नगरच्या या दुकानात मी सहा वर्षं प्रबंध टाइप करतो. कोणता मुलगा कसं लिहितो हे त्याच्या गाइडपेक्षा मला जास्त कळतं. कालपर्यंत ज्याला एक वाक्य धड जमत नव्हतं, तो आज चाळीस गुळगुळीत पानं घेऊन येतो.

मी स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीत दोनदा नापास होऊन थांबलो. पण माझ्या हातून चुकीची वेलांटी जात नाही. विहारात रामाजी गुरुजी रविवारी मराठी लिहायला शिकवायचे, एक चूक झाली की अख्खं पान परत. म्हणून मराठीचं काम आलं की भैया माझ्याकडे सरकवतात.

१२ मार्च, बुधवार

पीयूष नावाच्या मुलाच्या प्रबंधातली संदर्भसूची तपासली. मला कोणी सांगितलं नव्हतं. बावीस पुस्तकांपैकी नऊ पुस्तकं कुठेच नाहीत. ना कॉलेजच्या ग्रंथालयाच्या यादीत, ना नेटवर. लेखकांची नावं मात्र भारदस्त.

त्याला विचारलं, तर म्हणतो, "सुजय भैया, तू टायपिस्ट हायेस का थानेदार?"

दुकानातले सगळे हसले. मी नऊ नावांवर बारीक फुल्या मारून यादी परत दिली. संध्याकाळी तो गुपचूप आला आणि नऊ ओळी काढायला सांगून गेला. तेव्हा मी हसलो, पण तो गेल्यावर.

१५ मार्च, शनिवार

रुआबांधा वस्तीतली मोना पटले आली. तिवारी मॅडमची विद्यार्थिनी. तीन जाड रजिस्टरं आणली आहेत. पन्नास वर्षांपूर्वी भंडारा-गोंदियाकडून लग्न होऊन भिलाईत आलेल्या बारा बायांच्या मुलाखती. प्रबंध हिंदीत आहे, पण मुलाखती बाया बोलल्या तशाच, मराठीत, परिशिष्टात जाणार. सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं.

"जसं हाय तसंच टाइप कर, सुजय भाऊ. मॅडमनं सांगतलं हाय. बाई मले म्हनते तं मलेच ठेव."

"पेन्सिल कावून?"

"पेन चालवला का बाया घाबरतात. त्याइले वाटते कोर्टाचं काम हाय."

हे कारण मला पटलं नाही. पेन्सिलीचं लिहिलेलं पुसता येतं. नोंद करून ठेवतो.

अध्यायांची प्रुफं ती स्वतः वाचणार. परिशिष्ट मात्र माझ्यावर सोपवलं. "त्याच्यात तुह्यावर भरोसा हाय. तू तं सुईच्या नाकातून पाहातेस." तिला प्राध्यापकीसाठीची 'नेट' परीक्षा आहे, वेळ नाही.

१७ मार्च, सोमवार

पेन्सिल फार पुसट. दोन तासांत तीन पानं झाली, डोळे चुरचुरले. शेवटी मोबाइलवर फोटो काढून अ‍ॅपकडून अक्षर वाचून घेतलं. छान वाचतं. वहीच्या शिवणीकडचे शब्द घडीत जातात, फोटोत येत नाहीत, म्हणून खाली लिहून दिलं: कडेला कापलेली वाक्यं पूर्ण कर, बोली तशीच ठेव.

पहिली मुलाखत वहीशी ओळीओळीनं ताडली. ती बाई बोलघेवडी आहे, पानंच्या पानं भरलेली. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. मले मलेच, तुले तुलेच. मग पुढच्या अकरा तशाच घेतल्या.

याला चॅटबॉट वापरणं म्हणत नाहीत. हा चष्मा आहे.

१९ मार्च, बुधवार

दहा दिवसांचं काम तीन दिवसांत झालं. भैया खूश. पानांचे आकडे, बायांची नावं, गावांची नावं, तारखा, वेलांट्या, सगळं दोनदा पाहिलं. चूक नाही. मोनाचा भाऊ येऊन रजिस्टरं घेऊन गेला.

२२ मार्च, शनिवार

आज पक्की प्रिंट काढताना परिशिष्ट पहिल्यांदा सलग वाचलं. 

सगळ्या बाया एकसारख्या बोलतात. सुरुवातीला नाही, सुरुवातीला प्रत्येकीची जीभ वेगळी आहे. पण प्रश्न अवघड आला की सगळ्या एका सुरात. चौथी बाई म्हणते, "अडचनी लय आल्या, पन आमी हार नाई मानली." नववी बाई हेच म्हणते, फक्त 'लय'च्या जागी 'खूप'. सातव्या मनकर्णाबाई, वय चौऱ्याहत्तर, शाळेत न गेलेल्या, त्या म्हणतात, "माह्या पोराच्या जान्यानं मले समाजासाठी काम करन्याची प्रेरना भेटली." पुढं दीड पान एकजूट, संघर्ष आणि नवी पिढी.

हा वास मी ओळखतो. पीयूषच्या चाळीस पानांना हाच येत होता.

आता पेन्सिलीचा अर्थ लागला. हिनं घरी बसून मुलाखती मशीनकडून बनवून घेतल्या आणि खऱ्या वाटाव्यात म्हणून हातानं उतरवून काढल्या. मशीनला बोलीसुद्धा येते हे मला या आठवड्यातच कळलं, तिला आधीपासून ठाऊक असणार. रजिस्टरं घाईनं परत मागवली, तीही भावाकरवी. मोबाइलात फोटो आहेत, पण ते तिनं बनवलेल्या वहीचेच; त्यांच्याशी ताडून काय मिळणार?

२४ मार्च, सोमवार

मोना अध्यायांची प्रुफं द्यायला आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मनकर्णाबाई लय बोलल्या असतीन नाई?"

"त्या? छे! त्या तं बोलल्याच नाई जास्त. तीन दुपारी गेली मी. पन माहा चौथा अध्यायच त्याइच्यावर उभा हाय."

"न बोलनाऱ्या बाईवर अध्याय?"

"तू इतकं कावून विचारून राहिला? टाइपिंगचं काय झालं ते सांग ना."

छापलेलं परिशिष्ट दीड पान सांगतं, ही म्हणते बोलल्याच नाहीत. आपण काय बनवलं आहे तेही हिच्या लक्षात राहिलेलं नाही. पकडली.

२६ मार्च, बुधवार

मोनाचं घोषणापत्र भरलं. ती सांगत होती, मी टाइप करत होतो. चॅटबॉट एकदा वापरला, प्रश्नावलीचा क्रम लावायला; त्याला काय विचारलं ते शब्दशः; त्यानं वीस प्रश्न सुचवले, त्यांतले चौदा टाकून दिले, कारण ते बायांना विचारण्यासारखे नव्हते. मुलाखतींसाठी वापरला नाही.

थोडं कबूल करून मोठं लपवायचं. हुशार आहे.

खाली एक रकाना आहे: टंकन करताना काही साधन वापरलं का. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू काई वापरलं का, भाऊ?"

"नाही."

"मंग नाई टाक." तिनं सही केली.

अक्षर वाचून घेणं म्हणजे वापरणं नव्हे. तरी ही ओळ टाइप करताना मी दोनदा अडखळलो. का, ते कळलं नाही. बहुधा तिच्या त्या सहीमुळे. किती निवांत सही केली तिनं.

२९ मार्च, शनिवार

मरून रंगाच्या बांधणीच्या तीन प्रती घेऊन कॉलेजात गेलो. जाताना ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. तिवारी मॅडमनी पाणी विचारलं, बसायला सांगितलं, आणि मी बोलून गेलो.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "आपको कैसे लगा?" मी तीन वाक्यं दाखवली. मनकर्णाबाईंचं पान त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मोना ऐसी लड़की नहीं है," त्या म्हणाल्या. मग पान माझ्याकडे फिरवून, "पर यह पन्ना भी इंसान का नहीं है."

सात तारखेला तोंडी परीक्षा आहे. तेव्हा त्या तिला मूळ वह्या घेऊन यायला सांगणार. वही आणि छापील यात फरक निघाला तर घोषणापत्र खोटं ठरेल. "तब मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा. तब तक आप किसी से न कहें."

फरक निघायचा नाही, मला वाटतं. तिनं वहीही तशीच बनवली असेल. मग काय? मग मीच खोटा पडेन. परतताना सायकल दोनदा चुकीच्या गल्लीत घातली.

३० मार्च, रविवार

बाबांची आज सुट्टी. त्यांना नाव न घेता गोष्ट सांगायची होती, पण मनकर्णाबाईंचं नाव निघालं आणि ते ताठ बसले.

"भैयालालची बायको? रुआबांध्याची? थे दीड पान बोलली?" बाबा आणि तिचा नवरा भैयालाल स्टील प्लांटात एकाच शिफ्टमध्ये होते. "अरे, भैयालाल गेला तवा मी तिच्या घरी आठ दिवस जाऊन राहिलो. चार शब्दाच्या वर बोलली नाई ते बाई."

"तेच तं म्हनतो मी."

"तू काय म्हनतेस ते मले नाई समजून राहिलं. तुनं तिले इचारलं का?"

"कोनाले?"

"दोघींतून कोनाले बी."

नाही विचारलं. उद्या-परवा जाऊन मनकर्णाबाईंनाच पान वाचून दाखवतो. त्या 'हे मी बोलले नाही' म्हणाल्या की झालं. साक्षीदार मिळेल.

३ एप्रिल, गुरुवार

दुरुस्तीसाठी दुपारी वीज बंद होती. भैयांनी शटर ओढलं, मी रुआबांध्याला गेलो. मोनाच्या गल्लीतून न जाता मागच्या बाजूनं.

हे सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर मी पुन्हा काहीतरी सोयीचं लिहून बसेन.

मनकर्णाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी देवीदासचा मुलगा म्हटल्यावर सूप बाजूला ठेवलं. पान वाचून दाखवलं. 'प्रेरना भेटली' आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे कोन बोललं?"

"तुमी, आजी. असं लिवलं हाय."

"म्या प्रेरना-गिरना नाई घेतली, बाबू. माहं लेकरू गेलं."

मी म्हणालो, मोनानं लिहिलं आहे. त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. मोना तीन दुपारी आली होती. तिनं विचारलं, लेकरू कसं गेलं. "मी गप बसली. थे बी गप बसली. मंग मी उठून चहा मांडला, तं थे म्हने, आजी, असू द्या, इथं मी काई लिवत नाई." नंतर वहीतलं सगळं वाचून दाखवलं, दोन झेरॉक्स काढल्या, दोन्हींवर अंगठा घेतला आणि एक त्यांना देऊन गेली. बाराही बायांना तिनं तशी दिली आहे.

त्यांनी आतून प्लास्टिकची पिशवी आणली. रेशन कार्ड, भैयालालचा फोटो, आणि ती झेरॉक्स. पेन्सिलीचं अक्षर झेरॉक्समध्ये आणखीच पुसट, पण वाचता येतं. प्रश्न: लेकरू कसं गेलं? त्याखाली कंसात: शांत. चार मिनिटं. मग अर्ध्या पानाची कोरी जागा. मग पुढचा प्रश्न.

मी म्हणालो, "आजी, मोनानं बरोबर लिवलं हाय."

"मंग हे तुह्या हातातलं कोनाचं?"

 मी तसाच निघालो, चप्पल उलटसुलट घालून.

हुडको कॉलनीच्या रस्त्याकडेला झाडाखाली थांबून मोबाइल उघडला. फोटो आहेत, खाली माझी ओळ आहे. कडेला कापलेली वाक्यं पूर्ण कर. जिथे बाई थांबली आणि मोनानं जागा सोडली, ते मशीनला कापलेलं वाटलं. त्यानं पूर्ण केलं. अकरा बायांची सगळी मौनं त्यानं भरून काढली, त्यांच्याच बोलीत. पहिली बाई कुठे थांबलीच नव्हती, म्हणून ताडताना मला काही दिसलं नाही.

मी वेलांट्या तपासल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

झोप नाही, जेवण नाही. आई विचारते ताप आहे का.

ओमप्रकाश भैयांना सांगितलं. त्यांनी आधी शटरकडे पाहिलं. मग हळू आवाजात, "देख, तूने जानबूझ के तो किया नहीं. दो-चार पन्ने बदल, नई बाइंडिंग मार, बोल दे पुरानी का गोंद खराब था. कॉलेज का काम हाथ से गया तो तेरी कुर्सी भी गई, मेरी भी."

दोन-चार नाहीत, एकतीस ठिकाणं आहेत. मी मोजली. आणि प्रती मॅडमच्या कपाटात आहेत, त्यांनी ते पान दोनदा वाचलेलं आहे.

पण खरं लिहायचं तर, भैया बोलत होते तेव्हा मी मनात हिशेब करत होतो की मरून कापड किती उरलं आहे.

गप्प बसलो तर काय होईल? सोमवारी मोना रजिस्टरं घेऊन जाईल. वहीत कोरी जागा, प्रबंधात दीड पान. घोषणापत्रावर सही तिची. माझं नाव कुठेही नाही. मी तक्रार करणारा, म्हणजे उलट प्रामाणिक. इतकं नीट जुळतं की मला शंका येते, हे मी ठरवून तर केलं नाही ना. नाही केलं. पण स्वतःवर हे किती मानायचं ते आता कळत नाही.

५ एप्रिल, शनिवार

मोनाच्या घरी गेलो. ती अंगणात नळावर बादली भरत होती. उभ्याउभ्याच सांगितलं. आधी मोबाइलचं, मग मॅडमकडे केलेल्या तक्रारीचं. उलट क्रमानं सांगायला हवं होतं बहुधा.

बादली भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही.

"थांब. तुनं मले चोर म्हटलं. मॅडमसमोर. अन् चोरी तुह्या मोबाइलात?"

"मले वाटलं..."

"तुले वाटलं! पंधरा दिवस वाटून राहिलं तुले! एकडाव इचारलं असतं तं तोंड झिजलं असतं का? मी तुले रकान्यात सरळ इचारलं ना? वापरलं का म्हनून? तू नाई म्हटलं. मी सही केली, भाऊ. तुह्या एका 'नाई'वर माही सही!"

आतून तिची आई आली. "का झालं वं?"

"काई नाई. टाइपिंगची मिस्टेक हाय." हे ती माझ्याकडे बघत म्हणाली. त्यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिनं नळ बंद केला. उद्या दुकान बंद असतं, तरी उघडायला लावणार आहे. ती वाचेल, मी टाइप करेन. मोबाइल तिच्या पर्समध्ये राहील.

६ एप्रिल, रविवार

सकाळी आठ ते संध्याकाळी सात. भैयांनी चावी दिली, तोंड फिरवून.

ती वहीतून वाचत होती. जिथे बाई थांबलेली असे तिथे मोनाही थांबत होती, आणि मग कोरडेपणानं म्हणत होती, "शांत. दीड मिनिट." मी कंस टाइप करत होतो. कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही. दुपारी तिनं स्वतःचा डबा उघडला. मला विचारलं नाही. बरोबर आहे.

एकतीस जागा परत कोऱ्या झाल्या.

घरी बाबांना सगळं सांगितलं. बाबा पेपर वाचत होते, तो खाली ठेवला नाही. म्हणाले, "आमच्या लॉगबुकात मीटर बंद असला तं 'बंद' लिवा लागते. अंदाजानं आकडा टाकला का मेमो भेटते. तुह्या दुकानात मेमो नाई भेटत काय?"

७ एप्रिल, सोमवार

मॅडमच्या खोलीत मोना, मी आणि दोन प्रती, जुनी आणि नवी. मी बोललो. मॅडम माझ्याकडे न बघता पानं ताडत राहिल्या.

मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "ग़लती मेरी भी है. मैंने विद्यार्थियों से पूछा, टाइपिस्ट से कभी नहीं पूछा. और आपकी शिकायत पर मैंने भी उसी पर शक किया." हा चांगुलपणा मला नीट घेता आला नाही. यामागे काही असेल का, हेच शोधत बसलो.

तोंडी परीक्षा सोळा तारखेला ढकलली. अटी अशा: मी माझ्या हातानं एक पान लिहायचं, कोणतं साधन, कोणती सूचना दिली, त्यानं काय घातलं आणि काय काढलं, ते प्रबंधात बांधलं जाईल. मोनाचं घोषणापत्र नव्यानं. आणि बाराही बायांना नवं परिशिष्ट पुन्हा वाचून दाखवून अंगठा किंवा सही घ्यायची. "उनके मुँह में बात डाली गई है. उनको बताना पड़ेगा." वाचणार मी, मोना सोबत असेल. ज्या बाईचा अंगठा येणार नाही, तिची मुलाखत काढावी लागेल.

१२ एप्रिल, शनिवार

अकरा झाल्या. प्रत्येकीला आधी सांगावं लागतं की मशीननं तुमच्या नावावर काय लिहिलं होतं. एकीनं डोळे मोठे करून विचारलं, "अन् माह्या नवऱ्याबद्दल काय म्हने थे?" दुसरीनं गावाचं नाव दुरुस्त करून दिलं. सेक्टर २ मधल्या एका बाई माझं वाचन ऐकून पदराआड हसल्या, "कसं वाचतेस रे? बातम्या सांगून राहिला का?" मोना पहिल्यांदा हसली. माझ्यावर, पण हसली.

मनकर्णाबाईंनी नाही म्हटलं. दारातूनच. "कागद नोको आता. कागदात माह्या तोंडून कोनी बी बोलते."

मोनाचा चौथा अध्याय त्यांच्यावर उभा आहे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारात पाणी वाटलं. रामाजी गुरुजींनी विचारलं, लिहिणं चालू आहे ना. हो म्हणालो. पुढं काही विचारलं नाही म्हणून बरं.

१६ एप्रिल, बुधवार

बाहेर बाकावर बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात आधी माझं पान वाचलं, असं मोना नंतर म्हणाली. मग तिला विचारलं, ज्या बाईनं उत्तर दिलं नाही तिच्यावर अध्याय कसा? ती म्हणाली, तिनं उत्तर दिलं नाही हीच माझ्याकडची माहिती आहे, त्यापुढं मी काही लिहू शकत नाही. परीक्षक 'हं' म्हणाले.

पास. पण अंतिम प्रत मंगळवारपर्यंत द्यायची आहे. मनकर्णाबाईंचा अंगठा नसेल तर सातवी मुलाखत आणि चौथा अध्याय दोन्ही जातील, गुण नव्यानं लागतील. तेवढ्या गुणांत ती पुढे पीएच.डी.च्या प्रवेशाला बसू शकणार नाही.

भैयांनी मला आजपासून झेरॉक्सवर बसवलं आहे. "वहाँ मशीन सिर्फ़ उतना ही छापती है जितना रखो," म्हणाले. कॉलेजचं काम अजून गेलेलं नाही. जाईल असं मला रोज वाटतं.

२० एप्रिल, रविवार

आज शेवटचं विचारायला गेलो. मोनानं वाटेत बजावलं, "हातापाया पडजो नोको. त्याइले नाई म्हनायचा हक्क हाय." स्वतःचाच अध्याय पणाला लागलेला असताना तिनं हे म्हटलं.

मनकर्णाबाईंनी आम्हाला बसू दिलं, एवढंच. मी म्हणालो, "आजी, थे मशीनचं माह्यामुळं झालं. मोनाचा दोष नव्हता. मी तुमच्यासमोर तिचंच नाव घेतलं होतं." मी विचारलं, नवं पान वाचू का. त्या काही बोलल्या नाहीत. मोनानं 'वाच' अशी मान हलवली तेव्हा वाचायला लागलो.

लग्न, गाव, पहिली खोली, पाण्याची लाइन. मग तो प्रश्न. लेकरू कसं गेलं?

खाली लिहिलेलं आहे, शांत, चार मिनिटं. ते वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते शब्द त्या बोललेल्या नाहीत, मग मी ते त्यांच्यासमोर त्यांच्या नावानं कसे म्हणू? म्हणून मी तसाच थांबलो. कागद हातात धरून.

आधी त्यांना वाटलं माझी ओळ चुकली. त्या कागदाकडे बघायला लागल्या. शेजारी कुकरची शिटी झाली. पंखा फिरत होता. मोना जमिनीकडे बघत होती. दोन मिनिटांनी मला काहीतरी बोलावंसं वाटलं, काहीही. मनात वाक्यं तयार होत होती आणि ती सगळी मशीनच्या वाक्यांसारखी होती. मी एकही बाहेर येऊ दिलं नाही. मनकर्णाबाईंच्या ते कधी लक्षात आलं ते सांगता येत नाही. पण त्यांनी कागदाकडे बघणं सोडलं आणि भिंतीला पाठ टेकली, आणि आम्ही तिघं तसे बसून राहिलो.

नंतर मी पुढचा प्रश्न वाचला. शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं, आजी."

त्यांनी हात पुढं केला. शाईचा पॅड माझ्याच खिशात होता, मला सापडेना. मोनानं काढून दिला. अंगठा नीट उमटला.

बोट पुसता पुसता त्या बोलायला लागल्या. आधी मुलाचं नाव. मग बाकीचं. मोनाचा हात सवयीनं पर्समध्ये पेन्सिलीकडे गेला. त्यांनी नुसतं पाहिलं, आणि मोनानं हात काढून घेतला. त्या बराच वेळ बोलल्या. बाबा म्हणतात त्या चार शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त.

ते परिशिष्टात नाही. इथेही लिहीत नाही.

प्रत मंगळवारी जाईल.